व्याख्यानमालांचे छोटे चित्र-व्हिडिओ करा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्याख्यानांना तरुण पोरं येत नाहीत असं दर उन्हाळ्यात कानावर येतं, पण पोरांना विचारच नको असतात हे मला अजिबात पटत नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सनं, म्हणजे आरएसएनं, २०१० च्या सुमारास यावर फार छान मार्ग काढला. संस्था १७५४ सालची, तिथे मोठमोठे अभ्यासक येऊन बोलतात, तर त्यांनी काही भाषणांतला गाभा काढून दहा-अकरा मिनिटांचे व्हिडिओ केले, आवाज मूळ वक्त्याचाच आणि पांढऱ्या बोर्डवर अँड्र्यू पार्क या चित्रकाराचा हात मार्करनं भराभर चित्रं काढत जातो.

केन रॉबिन्सन या शिक्षणतज्ज्ञांचं शिक्षणावरचं भाषण बघा. घंटा, विषयांचे कप्पे, वयाप्रमाणे मुलांच्या बॅचेस, शाळा कशी कारखान्यासारखी चालते ते सांगतायत आणि तोवर बोर्डवर सगळं उभं राहिलेलं असतं. माणसाला काम करायची प्रेरणा कशातून मिळते यावरच्या, डॅन पिंक या लेखकाच्या व्हिडिओत तर आपल्या मदुराईतला प्रयोग येतो, ज्यांना सगळ्यात मोठं बक्षीस लावलं होतं त्यांचीच कामगिरी सगळ्यात वाईट झाली. हे नुसतं ऐकलं असतं तर मी विसरूनही गेले असते, चित्रामुळे डोक्यात पक्कं बसलंय.

पुढे २०१३ मध्ये त्यांनी आणखी छोटे, तीनेक मिनिटांचे करायला घेतले. ब्रेने ब्राउन या अमेरिकन संशोधिकेच्या भाषणावरचा माझा सगळ्यात आवडता. कोल्हा खड्ड्यात पडलाय, अस्वल खाली उतरून त्याच्यापाशी जातं, आणि हरीण वरूनच डोकावून सँडविच हवंय का विचारतं. दुसऱ्याचं दुःख समजून घेणं आणि वरवर हळहळणं यातला फरक एवढ्यात कळतो, शाळेतल्या पोरालाही कळतो.

आता आपल्याकडे बघा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केली, गावोगावी अशा माला आजही चालतात, लोक पदरमोड करून चालवतात. बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग यूट्यूबवर असतं पण दीड-दोन तासांचं, सुरुवातीला दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, आणि खरा मुद्दा कुठेतरी पन्नासाव्या मिनिटाला. एवढं शोधत कोण बसणार? पाणी, शेती, इतिहास, मानसिक आरोग्य, काय काय बोललं जातं तिथे आणि सगळं पडून राहतं.

या भाषणांचेही असेच छोटे चित्र-व्हिडिओ व्हायला हवेत. फक्त एक, सॉफ्टवेअरमधली रेडीमेड चित्रं आणि मशीनचा आवाज लावून उरकू नका प्लीज, तसले व्हिडिओ ढिगानं आहेत आणि त्यात जीव नसतो. वक्त्याचा आवाज, त्याचं अडखळणं, हसणं हवंच. चित्रकारानं आधी पूर्ण भाषण ऐकावं, काय ठेवायचं ते वक्त्याला विचारून ठरवावं, आणि अख्ख्या भाषणाची लिंक खाली द्यावी, कारण तीन मिनिटांत अर्धवट वाक्य उचललं तर माणसाच्या तोंडी भलतंच जाऊ शकतं.

आपल्याकडे कला महाविद्यालयांत उत्तम हात असलेली मुलं आहेत, त्यांना मानधन देऊन हे काम द्यावं. तुमच्या पेपरनं पुढाकार घेऊन एखादी व्याख्यानमाला आणि एखादं कला महाविद्यालय यांची गाठ घालून द्यावी ही मनापासून विनंती, या वर्षी पाच भाषणं घेतली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, सांगली