खुर्ची दिलीत, आता ती चालवणारा माणूस पाठवा

मा. आरोग्यमंत्री यांस,

सा. न. वि. वि.

मणक्याला मार बसलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा हातात एक फाइल असते, औषधांची चिठ्ठी असते आणि नशीब बरं असेल तर व्हीलचेअरही असते. आपल्या खात्याच्या दप्तरी प्रकरण तिथे मिटतं. घरात ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं, संडासाच्या दारापाशी. खुर्ची दारातून आत जात नाही. गेली तर आत वळत नाही. वळली तरी खुर्चीवरून भांड्यावर कसं सरकायचं हे कुणी दाखवलेलं नसतं, आणि उचलणाऱ्याची पाठ आठवड्याभरात धरते.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे आपल्या कार्यालयात हे पत्र वाचणाऱ्याला शेवटपर्यंत शोधत बसावं लागणार नाही. मणक्याचे पेशंट दाखल होतात अशा प्रत्येक सरकारी रुग्णालयात निदान एक पद असं हवं, ज्यावर स्वतः व्हीलचेअर वापरणारी आणि या कामाचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असेल. पद पगारी हवं. आणि त्या व्यक्तीची पेशंटशी गाठ डिस्चार्जच्या आधी पडायला हवी. जगभर याला पीअर सपोर्ट म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २६ मध्ये, पुनर्वसनासाठी सरकारांनी काय करावं हे सांगताना, त्याचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. त्या करारावर आपलीही सही आहे, तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही.

मी बरीच वर्षं चाकांवर आहे. कुणी ओळखीतून कळवलं की नव्याने दुखापत झालेल्यांना भेटायला जाते. पेशंटकडे माहिती बऱ्यापैकी असते असा माझा अनुभव आहे. ती अंगात मुरवून घेतलेलं माणूस मात्र त्याने पाहिलेलं नसतं.

बेडसोअरचंच घ्या, म्हणजे एकाच जागी सतत दाब राहून पडणाऱ्या जखमांचं. डॉक्टर सांगतात, बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने, बैठकीवरचा भार हलवा. सल्ला अगदी बरोबर. मग पेशंट दोन्ही हात रेटून अंग वर उचलतो, दहा सेकंद धरतो, दमतो आणि खाली बसतो. दाबल्या गेलेल्या त्वचेत रक्त पुन्हा नीट खेळायला दीड-दोन मिनिटं लागतात. इतका वेळ स्वतःला हातांवर तोलून धरणं कुणालाच जमायचं नाही, आणि रोज असं उचलून उचलून खांदे मात्र निकामी होतात. जुनी मंडळी त्यामुळे पुढे वाकतात. छाती मांड्यांवर टेकवतात, नाहीतर टेबलावर कोपरं रोवून पुढे झुकतात, नाहीतर आधी एका कुशीवर कलतात आणि मग दुसऱ्या. मी लोकांत असले की बुटाची नाडी नीट करते. माझ्या बुटांना नाडी नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ही युक्ती मी एकीला वॉर्डात दाखवली तेव्हा ती दुखापतीनंतर पहिल्यांदा हसली, असं तिच्या आईने मला नंतर सांगितलं. त्याच भेटीत तिला आरसा धरून बैठकीची त्वचा रोज रात्री कशी तपासायची तेही समजलं. लाल डाग दाब काढल्यावरही राहिला तर तो मावळेपर्यंत त्यावर बसायचं नाही. हे कागदावर दोन ओळींत मावतं. पण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना तो डाग दिसला की काय वाटतं आणि तरी झोपून का राहायचं, हे कागद सांगत नाही.

लघवीचं तसंच. दर चार ते सहा तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून मूत्राशय रिकामं करायचं, भरपूर पाणी प्यायचं, असं सांगितलं जातं. बाहेर वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह मिळणार नाही हे ठाऊक असल्याने माणूस काय करतो? सकाळपासून पाणीच पीत नाही. मग संसर्ग होतो, खडे होतात, ताप येतो आणि पेशंट पुन्हा आपल्याच खाटेवर. अनुभवी माणूस घड्याळ लावून पाणी कसं वाटून घ्यायचं, पिशवीत काय काय ठेवायचं, गाडीच्या मागच्या सीटवर आडोसा कसा करायचा हे सांगतो. पोट साफ करण्याची वेळ ठरवून घेणं, त्यासाठी सकाळचा तास-दीड तास राखून ठेवणं, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी काय करायचं, हे प्रश्न नर्ससमोर विचारायला पेशंटला संकोच वाटतो. समोरचा माणूस स्वतः त्याच खुर्चीत असला की पहिल्या पाच मिनिटांत विचारले जातात. लैंगिक आयुष्याविषयीचे दहाव्या मिनिटाला.

आणखी एक गोष्ट, ही जिवावरची. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर भरलेलं मूत्राशय, मुडपलेली कॅथेटरची नळी, एवढ्याशा कारणाने रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, दुखापतीच्या वरच्या भागाला घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा लोकांचा नेहमीचा रक्तदाब मुळात कमी असतो, वरचा आकडा नव्वद ते एकशेदहाच्या घरात. त्यामुळे दीडशे म्हणजे आणीबाणी असू शकते, हे तातडीच्या कक्षातल्या नवख्या डॉक्टरला दर वेळी ठाऊक असतंच असं नाही. आधी ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी तपासा, हे लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायची सवय मला एका जुन्या क्वाड, म्हणजे मानेच्या दुखापतीने हात-पाय चारही अधू झालेल्या, मित्राने लावली. माझ्या डिस्चार्जच्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे वेगळं चित्र मला दिसलेलं नाही.

वैद्यकशास्त्राने आपला वाटा उचललेला आहे, हे मान्यच करायला हवं. पहिल्या महायुद्धात मणका जायबंदी झालेले बहुतेक सैनिक बेडसोअरच्या जखमांनी आणि मूत्रसंसर्गाने दगावले. १९४४ मध्ये लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे वॉर्ड सुरू केला, दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायला लावली, आणि माणसं जगू लागली. १९४८ मध्ये त्याच आवारात व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे. जीव कसा वाचवायचा हे तेव्हापासून माहीत आहे. वाचलेल्या माणसाने सोमवारी सकाळी काय करायचं, हा प्रश्न मात्र डॉक्टरांच्या हातचा नव्हता आणि नाही.

तो सोडवला चाकांवरच्या लोकांनीच. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर लुळं पडलं, श्वासासाठी ‘लोखंडी फुफ्फुस’ म्हणतात त्या यंत्राचा आधार घ्यावा लागे. १९६२ मध्ये ते कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले तेव्हा त्यांची राहायची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात करावी लागली. मागोमाग आणखी व्हीलचेअरवाले विद्यार्थी आले. खुर्ची कुठे दुरुस्त होते, मदतनीस कसा निवडायचा, त्याला कसं सांगायचं, हे ज्ञान त्या मजल्यावर एकमेकांत फिरू लागलं. त्यातूनच १९७२ मध्ये अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. याच रॉबर्ट्स यांना राज्याच्या पुनर्वसन खात्याने आधी ‘नोकरीच्या लायक होणार नाही’ म्हणून मदत नाकारली होती. १९७५ मध्ये ते त्याच खात्याचे संचालक झाले. स्वीडनमध्ये १९७६ पासून व्हीलचेअर वापरणारे प्रशिक्षक नव्या लोकांची शिबिरं घेत आले आहेत; ती पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिथे नवा माणूस व्याख्यानांपेक्षा शेजाऱ्याला बघून जास्त शिकतो: तो पडल्यावर जमिनीवरून खुर्चीत परत कसा चढतो, मांडीवर भरलेलं ताट घेऊन कसा जातो, मागच्या दोन चाकांवर तोल धरून फूटपाथची कड कशी उतरतो.

आता खुर्चीबद्दल, कारण आपल्या खात्याचा सगळा जोर तिच्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये हाताने चालवायच्या व्हीलचेअरसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खुर्ची देण्याचे आठ टप्पे आहेत. नोंद आणि तपासणीपासून ते सुरू होतात. खुर्ची अंगाला नीट बसते का हे पाहणं, वापरणाऱ्याला शिकवणं आणि नंतरची देखभाल हे शेवटचे तीन. वाटपाच्या कार्यक्रमात हे तीनही टप्पे बहुधा हाराबरोबर बाजूला ठेवले जातात. सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची मिळते. बैठक रुंद असली की माणूस एका बाजूला कलंडतो आणि चाकापर्यंत हात पोचवायला कोपरं पंखांसारखी फाकवावी लागतात. फूटरेस्ट उंच असले की मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार ढुंगणाच्या हाडांवर येतो. कुशन तर कित्येकदा नसतंच. फिजिओथेरपिस्ट हे ओळखू शकतात, आणि चांगले ओळखतातही. पण त्यांच्यामागे अख्खा वॉर्ड असतो.

‘स्वयंसेवक येतातच की’ हे उत्तर मला ठाऊक आहे. येतात. मीही त्यांतलीच. पण आम्ही स्वखर्चाने येतो, आमची तब्येत बिघडली की महिना-दोन महिने कुणीच येत नाही, आणि वॉर्डच्या दारात कुणीतरी नवीन शिपाई ‘पेशंट आत कसा घेऊन आलात?’ असं माझ्या भावाला विचारतो. अधिकार नसलेल्या माणसाला फाइल दिसत नाही, डिस्चार्जची तारीख कळत नाही. फुकट काम करणाऱ्यांमध्ये कोण टिकतं हेही बघा: ज्यांना घरून पाठबळ आहे तेच. बाकीच्यांना नोकरीच मिळालेली नसते, आणि हे काम ही त्यांच्यासाठी उत्तम नोकरी आहे.

खुर्चीत बसलेलं कुणीही चालेल असंही मी म्हणत नाही. ‘मी सगळं एकट्याने करतो, तू का नाही करत?’ असं ऐकवणारे भेटतात. त्यांनी नव्या पेशंटचं फार नुकसान केलेलं मी पाहिलं आहे. कुठल्याशा उपचाराने पाय परत येतील म्हणून पत्ते वाटणारेही भेटतात. म्हणून प्रशिक्षण हवं: औषधांबद्दल बोलायचं नाही, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, कधी गप्प बसायचं आणि कधी डॉक्टरला हाक मारायची. माणूस जुळवूनही द्यायला हवा. मानेची दुखापत असलेल्याला, ज्याची बोटं हलत नाहीत, माझ्यासारख्या दोन्ही हात धड असलेल्या बाईचा उपयोग अर्धाच. आणि बायकांसाठी बायका हव्यात. पाळी, गर्भारपण, लेकराला मांडीवर घेऊन खुर्ची ढकलणं, आणि मदत करणाऱ्या हातांपैकी कुठला हात नकोसा आहे हे सांगण्याची सोय, यातलं काहीही पुरुष मार्गदर्शकासमोर निघत नाही.

घरच्यांनाही हा माणूस लागतो, कदाचित पेशंटपेक्षा जास्त. माया करताना घरचे सगळं हातात देतात, आणि वर्षभरात धडधाकट हातांच्या माणसाला स्वतःचा शर्ट घालता येईनासा होतो. हे डॉक्टरने सांगितलं तर आईला राग येतो. मी तिच्यादेखत खुर्चीवरून पलंगावर सरकून दाखवलं की ती निदान वाद घालत नाही.

पैशाचं म्हणाल तर एका खोल बेडसोअरपायी माणूस महिनोन्महिने पालथा पडून असतो, कधी कधी प्लास्टिक सर्जरी लागते, आणि खाट अडते ती आपलीच. वित्त विभागाला आपल्या रुग्णालयांतल्या अशा फेरदाखल पेशंटांच्या नोंदी काढायला लावा आणि त्याशेजारी एका पदाचा वार्षिक पगार मांडायला सांगा. गणित मी इथे करत नाही. आकडे आपल्याकडे आहेत.

पदाची जाहिरात निघेल तेव्हा ‘उमेदवार शारीरिकदृष्ट्या सुदृढ असावा’ हे छापील वाक्य मसुद्यातून काढायला सांगा, ते सवयीने येतंच. पदवीची अट घालू नका. दुखापतीने शिक्षण अर्धवट सुटलेले कितीतरी लोक या कामात तरबेज आहेत. कामाच्या वेळा सकाळी दहानंतरच्या ठेवा, कारण वर सांगितलेला तास-दीड तास आम्हालाही लागतो. आणि मसुदा करायला बसाल त्या बैठकीला आमच्यापैकी दोघा-तिघांना बोलवा. यायची सोय आमची आम्ही बघू. पायऱ्या न चढता दालनापर्यंत पोचता येईल ना, तेवढं निमंत्रणात कळवा.

आपली,
व्हीलचेअर वापरणारी एक नागरिक