साइड व्हीलवाली स्कूटर आणि नाव न विचारलेली माणसं

अपघातानंतर कुबड्या आल्या, म्हणून सेकंडहँड ॲक्टिव्हा घेऊन मागे दोन साइड व्हील बसवून घेतली, आता दीड महिना चालवतोय, आणि खरं सांगू का, गाडी माझी असली तरी मेहनत दुसऱ्यांचीच आहे. किट बसवणाऱ्या काकांनी मला पाच वेळा उतरवून परत बसवलं, डावं चाक जमिनीला नीट टेकत नव्हतं, बोटभर फट राहायची आणि तेवढ्यानेच गाडी एका अंगाला कलायची. वर कुबड्या अडकवायला क्लिप लावून दिली, तिचे पैसे घेतलेच नाहीत. आरसीवर या बदलाची नोंद करून घ्यायची असते हे आरटीओच्या रांगेतल्या ताईंनी सांगितलं, नाहीतर मी तसाच फिरलो असतो. आणि मैदानात शिकवणारा तो पोरगा! अपघाताआधी मी बाईक चालवायचो ना, त्यामुळे वळताना अंग झुकवायचो, पण ही झुकतच नाही, हँडलनेच वळवायची, जोरात वळलं की आतलं चाक उचलतं, हे त्याने ओरडून ओरडून डोक्यात घातलं.

थँक्यू सगळ्यांना, मनापासून. काल पहिल्यांदा एकटा मंडईत जाऊन मेथी आणली, दोन जुड्या, त्यातली एक किडकी निघाली.