पोत्यावर छापलेली प्रथिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या गोठ्यात 6 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. चारा म्हणजे बहुतेक उसाचे वाढे. उन्हाळ्यात दूध वाढावं म्हणून प्रत्येक गाईला रोज किलोभर शेंगदाणा पेंड वाढवली. दूध होतं तिथंच राहिलं. उलट पहाटे गोठ्यात शिरलं की मुताच्या उग्र वासानं डोळे चुरचुरायचे. दोन गाई तर तीन-तीनदा भरवूनही गाभण न राहता उलटल्या, म्हणजे परत माजावर आल्या.

पशुवैद्यांनी दारातूनच विचारलं, "ताई, पेंड किती घालता?" मग समजावून सांगितलं. पेंडेतली बरीचशी प्रथिने आधी कोठीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू फोडतात, त्यांचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं शरीर बांधतात. हे जिवाणू पुढे खऱ्या पोटात आणि आतड्यात पचतात. गाईला मिळणाऱ्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा सहसा त्यांचाच! मात्र अमोनिया वापरायला त्यांना ऊर्जा लागते, ती धान्यातून मिळते. ती कमी पडली की अमोनिया रक्तात उतरतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो मुतावाटे जातो. गाभण न राहण्यामागंही हे एक कारण असू शकतं. शेंगपेंड कोठीपोटात फार लवकर फुटते. सरकी पेंडेचा त्या मानानं जास्त भाग तसाच आतड्यापर्यंत पोचतो.

निम्मी शेंगपेंड काढून सरकी पेंड आणि मक्याचा भरडा सुरू केला. तीन आठवड्यांत वास गेला, दूध गाईमागं दीड लिटरनं वाढलं.

हे सगळं खाद्याच्या पोत्यावर कुठंच कळत नाही. तिथं फक्त 'प्रथिने 20 टक्के' एवढंच. हा आकडा नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणून काढतात, त्यात खाद्यात मिसळलेल्या युरियाचं नत्रही धरलं जातं. 100 किलो खाद्यात 1 किलो युरिया असला तरी कागदावर सुमारे 2.8 टक्के प्रथिने वाढतात. मोठी गाय ते धान्यासोबत वापरू शकते. लहान वासराचं कोठीपोट तयार झालेलं नसतं, त्याला युरिया देऊच नये. आणि आम्ही बायका गाईचंच खाद्य वासरापुढंही टाकतो.

म्हणून पशुसंवर्धन खात्याला आणि खाद्य कारखान्यांना कळकळीची विनंती: युरिया किती आणि बायपास प्रथिने (कोठीपोटात न फुटता आतड्यापर्यंत पोचणारी) किती, हे दोन आकडे पोत्यावर मराठीत, ठळक छापा.

– एक दूध उत्पादक महिला, फलटण तालुका