विषय: अक्षरं ‘चुकीच्या क्रमाने’ टाकल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. विस्कटलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द अर्थासकट शोधून देणाऱ्या तुमच्या अ‍ॅपची मी वर्षाची वर्गणी भरली आहे. तक्रार क्रमांक तुमच्याकडे असेलच. एक नाही, बरेच असतील.

ई, आय, एल, एन, एस, टी ही अक्षरं टाकली की ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ येतात. ‘एन्लिस्ट’, ‘टिन्सेल’, ‘इनलेट्स’चा पत्ता नाही. तीच अक्षरं टीपासून सुरू करून टाकली की ‘टिन्सेल’ उगवतो आणि ‘सायलेंट’ गायब होतो.

हे सगळं आज फोनवर वाचून दाखवलं. उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही अक्षरं चुकीच्या क्रमाने टाकताय.” मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. “योग्य क्रमाने टाकून बघा ना, मॅडम.” अहो, योग्य क्रम ठाऊक असता तर शब्दच हाती आला असता, मग तुमचं अ‍ॅप कशाला हवं होतं? सहा वेगवेगळी अक्षरं 720 प्रकारे मांडता येतात, ते सगळे प्रकार मी टाकत बसू का, असं विचारलं. रागाने विचारलं होतं. तर पलीकडून अगदी शांतपणे, “हो, चालेल. फक्त प्रत्येकाचा स्क्रीनशॉट पाठवा.” चालेल! आणि वर, “आणखी काही मदत करू का?”

आणखी?

कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची, ग्राहकाने टाकलेली अक्षरंही तशीच लावायची आणि दोन्ही जुळवायची. मग क्रमाचा प्रश्नच उरत नाही. हे तुमच्या तंत्रज्ञांना मी सांगायचं?

अर्थांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. अक्षरं उलटसुलट करून ‘इनलेट्स’ आणला, तर त्याचा अर्थ दिलाय, ‘इनलेटचे अनेकवचन’. ‘इनलेट’वर बोट ठेवलं तर काहीच उघडत नाही. समुद्राचं पाणी जमिनीत शिरतं तो चिंचोळा भाग, एवढं एक वाक्य जड झालं? ‘टिन्सेल’पुढे नुसतं ‘नाम’. जाहिरातीत मात्र ‘प्रत्येक शब्द अर्थासकट’. शिवाय स्क्रॅबल या शब्दखेळासाठी सेटिंगमध्ये कॉलिन्स कोशाची शब्दयादी निवडली तरी ‘सीएच’ हा दोन अक्षरी शब्द अवैध ठरतो. कॉलिन्सच्या यादीत तो आहे, अमेरिकन यादीत नाही. म्हणजे आत अमेरिकन यादीच चालू आहे आणि सेटिंगचं बटण शोभेला.

सुरुवातीला हेच अ‍ॅप चांगलं चालायचं, मीच चार जणांना घ्यायला लावलं. आता त्यांना तोंड दाखवायची सोय नाही. वर्गणीचे पैसे परत करा. आठवड्यात झाले नाहीत तर अ‍ॅप स्टोअरवर एक तारा आणि आजचं संभाषण शब्दशः, आणि मग ग्राहक न्यायालय आहेच. आणि पुन्हा सांगते, अक्षरं चुकीच्या क्रमाने असतात म्हणूनच लोक तुमच्याकडे येतात.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

एक वर्गणीदार (सध्यापुरती)