तोंड आलं म्हणजे नेमकं काय आलं?

पुणे
रविवार, संध्याकाळ

प्रिय वैजू,

तुझा निरोप मिळाला. शोग्रेनचं, म्हणजे लाळ आणि अश्रू सुकवणाऱ्या आजाराचं निदान, सांध्यांसाठी चालू असलेलं मेथोट्रेक्सेट, आणि तोंडात इतकी आग की गोळाभाताचा घाससुद्धा फिरत राहतो. त्यात घरचे म्हणताहेत, 'उष्णता झालीय, गुलकंद खा, बी कॉम्प्लेक्स घे.' बोलायलाही त्रास होतोय, तेव्हा फोन नको. सगळं सविस्तर लिहिते, जवळ ठेव आणि लागेल तसं वाच.

आपल्याकडे तोंडात काहीही झालं की 'तोंड आलं' म्हणतात. वैजू, या दोन शब्दांखाली चार-पाच निरनिराळे आजार दडतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. बुरशीवर स्टेरॉइडचा लेप लावला तर बुरशी फोफावते. म्हणून काहीही लावायच्या आधी टॉर्च घे, आरशासमोर उभी राहा आणि नीट बघ.

ओठांच्या आत किंवा जिभेच्या कडेला लहान, गोल, मधे पिवळसर आणि भोवती लाल कडा असलेले फोड दिसले तर ते साधे छाले. दहा-चौदा दिवसांत आपोआप भरतात. गालांच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी आणि मधे लाल, सोलल्यासारखी जागा असेल तर लायकेन प्लेनस, म्हणजे अस्तराला सूज आणणारा एक आजार असू शकतो. टाळूवरचे व्रण, विशेषतः न दुखणारे, ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारात, दिसतात. आणि बुरशी? सगळे दह्यासारखे पांढरे ठिपके शोधतात, पण कोरड्या तोंडात ते बहुधा नसतातच. जीभ लालबुंद, गुळगुळीत, तिखट न खाताही भाजणारी, आणि ओठांचे कोपरे चिरलेले, एवढंच दिसतं. त्यामुळे ती हमखास नजरेतून सुटते आणि महिनोन्महिने 'उष्णता' म्हणून अंगावर काढली जाते. तुझं वर्णन वाचून मला पहिली शंका तिचीच येते. डॉक्टरांना हे शब्द वापरून विचार.

पण त्याआधी मेथोट्रेक्सेट तपास. आज, आत्ता. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटणं ही धोक्याची पहिली खूण असते, कारण अस्तराच्या आणि रक्ताच्या पेशी एकाच वेळी मार खातात. पाकिटातल्या गोळ्या मोज आणि तारखांशी ताळा लाव. नवे व्रण आणि सोबत ताप, अंगावर निळे डाग, जुलाब किंवा लघवी कमी होणं, यातलं काही असेल तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ आणि रक्त तपासून घे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी सल्फाची गोळी, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल, लिहून दिली तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथल्या तिथे सांग; ही जोडी घातक आहे. फोलिक ॲसिड मात्र चुकवू नकोस. अशा फोडांपासून ते बरंच संरक्षण देतं.

आता कोरडेपणा. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती नुसतं पाणी नसते. तिच्यातला बुळबुळीत थर गालाला दातांपासून वाचवतो, बायकार्बोनेट आम्ल मारतं, आणि कॅल्शियम-फॉस्फेट दाताची झीज भरून काढतं. शोग्रेनमध्ये आपल्याच पांढऱ्या पेशी लाळग्रंथींत घुसतात आणि हे तिन्ही बंद पडत जातं. म्हणूनच घटाघट पाणी पिऊन भागत नाही. पाणी उरलासुरला बुळबुळीत थरही धुऊन नेतं आणि रात्री चारदा उठवतं. एक घोट घे, तोंडात सगळीकडे फिरव, मग गीळ. चिमूटभर बर्फ जिभेखाली धरलास तर त्याहून बरं वाटेल.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात स्वस्त आहे ती गुळणी. एक ग्लास, म्हणजे साधारण २५० मिलि, कोमट पाणी. त्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. चमचा चहाचा, सपाट. सोडा साधा खाण्याचाच हवा. बेकिंग पावडर नको, कारण तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं, आणि पापडखार तर मुळीच नको, तो फार उग्र. जेवणानंतर, झोपताना आणि मधे एक-दोनदा, अर्धा मिनिट तोंडात हलकेच फिरवायची आणि थुंकायची. रोज ताजी कर. चरचरली तर मीठ जास्त झालंय, निम्मं कर. हिच्यानं आम्ल मरतं, चिकट कफ सुटतो आणि बुरशीला वातावरण मानवत नाही. दुकानातली झणझणीत, अल्कोहोल असलेली माउथवॉश घरातून काढून टाक.

दात. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची आहे. फोड आज ना उद्या भरतील, कीड लागलेला दात भरून येत नाही. कोरड्या तोंडातली कीड नेहमीच्या जागी लागत नाही. ती हिरडीलगत, दाताच्या मुळाशी आणि पुढच्या दातांच्या कडांना लागते, आणि काही महिन्यांत दात मुळापासून तुटतो. तेव्हा पेस्टच्या नळीवर दोन गोष्टी वाच. फ्लोराइड किमान १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, हवं. जडीबुटीच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते नसतंच. आणि सोडियम लॉरिल सल्फेट नको. फेस आणणारा हा साबण कोरड्या अस्तराला सोलतो आणि छाल्यांना निमंत्रण देतो. ब्रश अगदी मऊ. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकून टाक, चूळ भरू नकोस. पेस्टचा पातळ थर रात्रभर दातांवर राहू दे. दर तीन महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइडचं वार्निश लावून घे आणि जास्त तीव्रतेची, ५००० पीपीएमची पेस्ट तुला चालेल का तेही विचार. ती चिठ्ठीवरच घ्यायची.

'लिंबाची गोळी चघळ, लाळ सुटते' असं तुला कुणीतरी सांगेलच. लाळ सुटते हे खरं, पण दात विरघळवणारं आम्ल धुऊन काढण्याइतकी लाळ आता तुझ्याकडे नाही. तुमच्या नागपूरची संत्री, आमसुलाचं सार, चिंचेची आमटी, सगळं थोडे दिवस दूर ठेव. खाल्लंच तर वर पाणी फिरव आणि अर्धा तास ब्रश लावू नकोस, मऊ पडलेला थर घासून निघतो. लाळेसाठी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम किंवा गोळी घे, जेवणानंतर. जास्त झालं तर पोटात वारा धरतो. आणि एक, तुमच्या मोतीच्या तोंडी ते लागू देऊ नकोस. कुत्र्याला झायलिटॉल विषासारखं आहे. ज्येष्ठमधाच्या कांड्या सतत चघळू नकोस, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. व्रणांवर लवंगतेल, तुरटी, मध यातलं काहीही नको. पहिली दोन भाजतात आणि मध दातांना चिकटून बसतो. मशेरी कुणी सुचवली तर तिथेच थांबव.

खाण्याचं तुला मी काय सांगावं. मुगाची सैल खिचडी, दुधात पूर्ण मुरलेली भाकरी, नाचणीची पेज, साजूक तूप घातलेलं वरण, उकडून कुस्करलेला लाल भोपळा. गरम नाही, कोमट. तर्री, ठेचा, चिवडा आणि भाकरीच्या कडक कडा फोड भरेपर्यंत बंद. प्रत्येक घासाला काहीतरी पातळ जोडीला असू दे, म्हणजे घास फिरत राहणार नाही.

डॉक्टरांनी ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचा ०.१ टक्क्याचा लेप दिला तर लावायची रीत महत्त्वाची. जेवण झाल्यावर आणि झोपताना, स्वच्छ कापसानं व्रण टिपून कोरडा कर, मोहरीएवढा लेप बोटावर घे आणि नुसता टेकव. चोळलास तर तो वाळूसारखा रवाळ होऊन निघून येतो आणि पैसे वाया जातात. नंतर अर्धा तास पाणीही नको. बेंझिडामिनची, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या औषधाची गुळणी जेवणाआधी पंधरा मिनिटं घेतली तर आग कमी होते. चरचरली तर तेवढंच पाणी घाल. बधिर करणारी लिग्नोकेनची जेली असेल तर तोंड बधिर असताना गरम काही खाऊ नकोस, भाजलेलं कळत नाही आणि ठसकाही लागतो. बुरशी ठरली तर तिचं औषध पूर्ण मुदत घ्यायचं, आग थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडायचं नाही. ब्रशही तेव्हाच बदल.

लाळ वाढवणाऱ्या गोळ्याही आहेत. पायलोकार्पिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. ग्रंथींत थोडा जीव उरला असेल तरच त्या चालतात. घाम खूप येतो, लघवीला वारंवार जावं लागतं, म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून चढवत नेतात. दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा ठराविक प्रकार असेल तर घेता येत नाहीत. आणि तू सर्दीसाठी सेट्रिझिन घेतेस ना? ते लाळ आणखी सुकवतं. झोपेची, लघवीची, सर्दीची, सगळ्या गोळ्यांची यादी करून रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे तुझ्या सांध्यांच्या डॉक्टरांना दाखव.

रात्रीसाठी: एसी हवेतला ओलावा शोषतो, तुमचा वाळ्याचा कूलर तो वाढवतो. उन्हाळ्यात कूलरच लाव, फक्त पाणी दर दोन दिवसांनी बदल. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब टाक, म्हणजे तोंडानं श्वास जाणार नाही. झोपताना कृत्रिम लाळेचा जेल, ज्यात कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज असतं, गालांच्या आत बोटानं फिरव.

कानाखालचा गाल सुजला तर गरम कापडानं शेक आणि कानापासून पुढे, तोंडाकडे, हलक्या हातानं चोळ; त्या ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडते. ताप आला किंवा घाण चवीचा पू आला तर प्रतिजैविक लागेल. सूज एकाच बाजूला टणक होऊन आठवडेच्या आठवडे राहिली तर लगेच दाखव, कारण शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन आठवड्यांत न भरणारा कुठलाही व्रण दाखवायचा, तुकडा तपासायला सांगितला तर घाबरून टाळायचं नाही. तोंडाचं अस्तर फोड येऊन सोलत असेल आणि त्वचेवरही फोड आले तर तो पेम्फिगस, म्हणजे त्वचा आणि अस्तर सोलणारा गंभीर आजार असू शकतो. मग वाट बघायची नाही.

उद्या सकाळी उजेडात जिभेचा आणि दोन्ही गालांच्या आतला फोटो काढून पाठव, आणि मेथोट्रेक्सेटच्या पाकिटाचा पण. किती गोळ्या उरल्यात ते दिसू दे.

तुझी,
नीला