कंबरेच्या दुखण्याविषयी मैत्रिणीस पत्र

सातारा

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. दीड वर्ष झाले तरी कंबरदुखी हटत नाही म्हणून तू आता मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून रोज शंभर वेळा ओटीपोट खालून आवळण्याचा व्यायाम सुरू केला आहेस, हे वाचले आणि तपासायच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले. तो व्यायाम तूर्त थांबव. हीच चूक मी तीन महिने केली आहे.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी कंबर जी धरली ती धरलीच. शेक, मलम, पट्टा असे सगळे झाले. एमआरआयमध्ये मणक्यांमधली एक चकती किंचित पुढे आलेली दिसली आणि सगळे दुखणे तिच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांतही अशा सरकलेल्या चकत्या सर्रास सापडतात, हे मला फार उशिरा कळले. शिंक आली की कपडे ओले होतात, ही गोष्ट मात्र मी एकाही डॉक्टरांना सांगितली नाही. कंबरेसाठी गेलेल्या बाईने लघवीचे रडगाणे कशाला गायचे, असे वाटे. आणि त्यांनीही कधी विचारले नाही.

विचारले ते फिजिओथेरपिस्ट बाईंनी, पहिल्या पाच मिनिटांतच. त्यांच्या टेबलावर कटीच्या हाडांचा एक नमुना होता. पुढे जांघांच्या मधले हाड, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडे, आणि या सगळ्यांमध्ये झोळीसारखे ताणलेले स्नायू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांचा भार या झोळीवर असतो. तिलाच पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. वर श्वासपटल, खाली ही झोळी, पुढून पोटाचा सर्वांत आतला पट्ट्यासारखा स्नायू आणि मागून मणक्यांना बिलगलेले बारीक स्नायू, असा हा एक डबाच असतो, आणि आपण वजन उचलतो तेव्हा त्याच्या आतला दाब कण्याला सावरून धरतो. श्वास घेताना झोळी किंचित खाली उतरते, सोडताना वर येते. तिने हे हलणे सोडले की तिचे काम कंबरेच्या वरवरच्या स्नायूंवर पडते आणि ते संध्याकाळपर्यंत लाकडासारखे होतात.

दोन बाळंतपणे झालेली, म्हणजे माझी झोळी सैल पडली असणार, असे मी धरून चालले होते. बाईंनी माझी रीतसर परवानगी घेऊन, हातमोजा घालून, एका बोटाने आतून तपासणी केली. (नको वाटत असेल तर बाहेरून किंवा सोनोग्राफीनेही बरेचसे कळते, हे त्यांनी आधीच सांगितले होते.) ‘आवळा,’ म्हणाल्या, मी आवळले. ‘आता सोडा.’ मी सोडले. ‘अजून सोडा.’ सोडायला आणखी काही शिल्लक आहे, हेच मला ठाऊक नव्हते! मग त्यांनी उजवीकडे हलकेच दाबले आणि कंबरेतली ती नेहमीची, ओळखीची कळ जशीच्या तशी उठली. झोळी सैल नव्हती. आवळून आवळून दमली होती. असा दमलेला स्नायू ऐन शिंकेच्या वेळी आणखी आवळणार तरी कसा? म्हणून ती गळती. बावीस वर्षे सकाळी सात ते साडेबारा लघवी धरून, पोट आत ओढून फळ्यापुढे उभी राहिले, त्याचा हा प्रसाद. आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाविषयी मी तुला वेगळे सांगायला नको.

पहिले सहा आठवडे आवळण्याचा एकही व्यायाम नव्हता. पाय खुर्चीवर टेकवून उताणे पडायचे आणि श्वास बरगड्यांच्या बाजूंना व खाली ओटीपोटापर्यंत जाऊ द्यायचा, बालासन करायचे, कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घ्यायचे, कुंथायचे नाही, लघवी तुंबवायची नाही आणि ‘असू दे, जाऊनच येते’ म्हणून उगाच जायचेही नाही. नंतर श्वास सोडताना झोळी हलकेच वर घेणे आणि तितकाच वेळ ती पूर्ण सोडणे आले, आणि सर्वांत शेवटी पाण्याची बादली. पूर्वी मी श्वास कोंडून ती उचलत असे; आता श्वास सोडत उचलते. चौथ्या महिन्यात सलग चार तास उभे राहून शिकवले. कंबर अजूनही कधी कुरकुरते, पण पट्टा कपाटात गेला आहे.

आवळण्याचा व्यायाम वाईट आहे, असे मी म्हणत नाही. आर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 मध्ये तो मांडला तो बाळंतपणानंतर दुर्बळ झालेल्या स्नायूंसाठी, आणि तेही स्नायूचा दाब मोजणारे उपकरण सोबत घेऊन. आपण उपकरण आणि तपासणी दोन्ही गाळून नुसता आकडा उचलला. तुझे स्नायू खरोखरच दुर्बळ निघाले, तर तुला तोच व्यायाम सांगतील.

शिवाय प्रत्येक कंबरदुखीचे मूळ इथेच असते असे नाही. बाईंनीही आधी पाय, नितंबाचे सांधे आणि कणा नीट तपासला होता. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अचानक अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातली शक्ती गेली, तर व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

नागपुरात या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट शोध. चौकशी करताना ‘पेल्व्हिक फ्लोअर पाहता का?’ असे सरळ विचार. तोवर शिंकताना तुझे काय होते, बद्धकोष्ठ आहे का, माकडहाडापाशी दुखते का, हे सगळे मला न लाजता लिही. यजमानांना नमस्कार.

तुझी,
विजया