निळ्या फायलीतलं कार्ड

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "माझ्या पोटातल्या जाळीवरून अमेरिकेत केसेस झाल्यात म्हणे, आपणही करायची का?" मी "बघते" म्हणून विषय बदलला. आई शेजारी बसली होती, तिला रात्रभर झोप लागली नसती. दुसरं कारण माझ्याकडे होतं, म्हणून फोन न करता हे लिहितेय.

तुम्ही इथे फिनिक्सला आलात आणि आठवड्यात पाय सुजला. मांडीतल्या शिरेत रक्ताची गाठ. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं तर अल्सरमधून रक्त जायला लागलं, म्हणून तेही बंद. मग गाठ सुटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून मानेच्या शिरेतून नळी घालून पोटातल्या मोठ्या शिरेत ती जाळी बसवली. तो निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. घोळ पुढे झाला. अल्सर भरला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तिथे जाळीचं काम संपलं होतं. ती काढता येणारी होती. हॉस्पिटलमधून कुणी फोन केला नाही आणि मीही विचारलं नाही. तुमचा प्रवास विमा संपत आला होता, मार्चची तिकिटं होती, आईचं बॅगा भरणं चाललं होतं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटून दुसरी ओळ आहे: जाळी काढण्याबाबत पुन्हा दाखवायला यावे. ती ओळ मी रविवारी रात्री पहिल्यांदा वाचली. नऊ वर्षांनी.

बाबा, तुमची सगळी नोकरी कालव्यांच्या कामात झाली, म्हणून हे तुम्हाला आवडेल. १९७३ साली लेझर ग्रीनफिल्ड नावाच्या सर्जनने अशी शंकूच्या आकाराची जाळी केली, ती गार्मन किमेल या इंजिनिअरच्या मदतीने, तेलाच्या पाइपलाइनमधल्या गाळणीवरून. गाठी शंकूच्या टोकाशी अडकतात आणि कडेने रक्त वाहत राहतं. ती कायमची बसवायची होती. नंतर काढता येणाऱ्या जाळ्या आल्या आणि तिथे पेच पडला: सहज निघायची तर पकड हलकी हवी, आणि पकड हलकी ठेवली तर ती सरकायची भीती. काही सरकल्या, काही तिरक्या झाल्या, काहींचे तारांचे पाय शिरेच्या भिंतीतून बाहेर आले, काहींचे तुकडे हृदयापर्यंत गेले. २०१० साली इथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की पाच वर्षांत ९०० हून जास्त तक्रारी आल्या, त्यांत ३२८ जागेवरून सरकल्याच्या आणि ५६ मोडल्याच्या. २०१४ मध्ये त्यांनी हिशेब मांडला, की गाठ फुप्फुसात जाण्याचा धोका टळला असेल तर बसवल्यापासून साधारण २९ ते ५४ दिवसांत जाळी काढलेली बरी. तुमची बसवली तेव्हा हे सगळं जाहीर होतं. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो, आणि त्यातला थोडा माझ्यावरही.

आता केसचं. अशा जाळ्या बनवणाऱ्या बार्ड कंपनीविरुद्धचे देशभरातले आठ हजारांवर दावे इथल्याच, फिनिक्सच्या फेडरल कोर्टात एकत्र आणले होते. मार्च २०१८ मध्ये ज्युरीने एका बाईंना ३६ लाख डॉलर मंजूर केले, त्यातले २० लाख नुसते दंडाचे. गंमत बघा, डिझाइन सदोष असल्याचं ज्युरीने मानलं नाही, धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही एवढं मानलं. त्याच वर्षीचे पुढचे दोन खटले कंपनी जिंकली. जाळ्या बनवणाऱ्या दुसऱ्या एका, कुक कंपनीवरचे दावे इंडियानापोलिसला चालले, तिथेही निकाल दोन्ही बाजूंनी लागले. इथले वकील जाहिरातीत फक्त ३६ लाखांचा आकडा सांगतात. तुमची जाळी कुठल्या कंपनीची आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही, आणि नुकसान झालंय का हेही नाही. त्यामुळे केसचा विचार आत्ता नको. आधी पोटाचा सीटी स्कॅन.

साताऱ्यात स्कॅन झाला, तरी फिल्म घेऊन पुण्याला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टना, म्हणजे शिरेतून नळी घालून असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना, दाखवायची. असल्या जाळ्या नेहमी काढणारे हवेत, कारण इतक्या वर्षांत ती भिंतीला चिकटलेली असते. कदाचित ते म्हणतील, त्रास नाही तर राहू दे. तेही चालेल, पण बघून ठरू दे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आई, एक खरं सांग. बाबांची कंबर दुखते ती "बागेत वाकल्यामुळे" असं ते म्हणतात. बागेत न गेलेल्या दिवशीही दुखते का? ते मला सांगणार नाहीत, म्हणून तुला विचारतेय. पाय पुन्हा सुजला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर माझ्या फोनची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा.

आणि जाळी बसवली तेव्हा एक छोटं कार्ड दिलं होतं, कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं. बाबा, तुम्ही मिक्सरचीही वॉरंटी टाकत नाही, म्हणजे ते असणारच. निळ्या फायलीत, व्हिसाच्या कागदांमागे बघा. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, आणि कृपा करून बोट मध्ये येऊ देऊ नका.

तुमची,
मनू